मोह तोडून लावलेला साग

सरांनी वर्गात विचारलं, "गोंडी कोणाला येते?" आणि मी हात वर केला.

नागपूरच्या त्या कॉलेजात आम्ही चांद्याकडची मुलं मोजकीच होतो. माझे अब्बा बांगड्या विकायचे. चांद्याहून पेटी उचलायची, मिळेल त्या बसने किंवा बैलबंडीने अहेरीपर्यंतचे आठवडी बाजार करायचे आणि परत यायचं, असा त्यांचा धंदा. सुट्टीत मी त्यांच्याबरोबर जायचो. गोंड बायांच्या हातात बांगड्या भरताना अब्बा त्यांच्याच बोलीत बोलायचे, कारण बाई हसली की हात सैल सोडते आणि बांगडी फुटत नाही. ऐकून ऐकून ती बोली मलाही आली. बाजारापुरती होती, पण सरांना तेवढी पुरे होती.

चांदा, म्हणजे आजचं चंद्रपूर, तेव्हा मध्य प्रदेशात होता आणि गडचिरोली वेगळा जिल्हा झालेला नव्हता. देश नवा होता, आम्ही तरुण होतो आणि श्रमदान हा शब्द रोज कानावर पडायचा. कोणत्या कॉलेजाने कुठे रस्ता बांधला, कुठे तळं खोदलं, हे वर्तमानपत्रात यायचं. आमच्या कॉलेजाने ठरवलं की अहेरीकडच्या एका गोंड खेड्यात जाऊन झाडं लावायची. उजाड माळावर साग लावायचा आणि आदिवासींना जंगलाचं महत्त्व पटवून द्यायचं, असा कार्यक्रम होता. पटवून देणं माझ्या जिभेवर अवलंबून होतं, म्हणून वर्गात सगळ्यांत आधी माझी निवड झाली.

मला त्याचा अभिमान वाटला. तो खोटा नव्हता. आम्ही सगळेच मनापासून निघालो होतो. बसच्या टपावर फावडी, घमेली आणि एक हार्मोनियम होती. वैनगंगेला पाणी चढलेलं होतं. डोंग्यातून पलीकडे जाताना आमच्यातल्या शहरी मुलांचे चेहरे पांढरे पडले आणि माझा मित्र हसत सुटला. तो ब्रह्मपुरीकडच्या धानवाल्या शेतकऱ्याचा मुलगा. अंगाने दणकट, बोलायला सरळ. नागपुरात तीन वर्षं काढूनही त्याने 'मले' सोडून 'मला' धरलं नव्हतं. शिबिरात आम्ही दोघं शेवटपर्यंत बरोबर राहिलो.

गाव मोठ्या रस्त्यापासून अर्ध्या कोसावर होतं. आमचा मुक्काम शाळेच्या रिकाम्या खोलीत. पहिल्याच दुपारी सर आम्हाला जागा दाखवायला घेऊन गेले. जागा रस्त्याला लागूनच होती, चांगली सपाट. पाहुण्यांच्या समारंभासाठी मांडवाचे खांब आधीच रोवलेले होते. खड्ड्यांसाठी चुन्याच्या खुणा केलेल्या होत्या. एका कडेला दोन मोठी मोहाची झाडं उभी होती, बाकी सगळं मोकळं.

"हा आपला उजाड माळ," सर म्हणाले.

आम्ही खणायला लागलो. थोड्या वेळाने मित्राने मला हाक मारली. तो पालापाचोळ्याच्या एका ढिगाजवळ उकिडवा बसला होता. ढीग त्याने हाताने बाजूला केला. खाली बुंधा होता, माझ्या दोन्ही हातांत मावणार नाही एवढा जाड, जमिनीलगत कापलेला. कापलेल्या जागी पांढरा चीक होता, अजून ओला.

"मोह आहे हा," तो म्हणाला. "आताच तोडला. आठ-दहा दिस झाले असतीन, जास्त नाई."

मग आम्ही दुसरा ढीग बाजूला केला. तिसरा केला. प्रत्येक ढिगाखाली बुंधा. काहींवर नुसती माती लोटलेली, काहींवर फांद्या टाकलेल्या. पंधरा-वीस तरी निघाले. आम्ही ज्याला माळ म्हणत होतो तो गेल्या पंधरवड्यात तयार केलेला माळ होता.

मी सरांना बोलावून आणलं. सर चांगले शिकवायचे, मुलांच्या अडीअडचणीला धावून जायचे. त्यांनी बुंध्याकडे पाहिलं, मग रस्त्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, "जुनी, वाळलेली झाडं असतील. चला, कामाला लागा."

"वाळलेल्या झाडाले चीक येत नाई, सर," मित्र म्हणाला.

सर मांडवाकडे गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावातली एक बाई तिथं आली. चाळिशीची असेल. आम्ही खणत होतो तिथं येऊन ती नुसती उभी राहिली. मी जोहार केला आणि तिच्या बोलीत विचारलं, बाई, काही काम आहे का. तिने माझ्याकडे निरखून पाहिलं. अहेरीच्या बाजारातल्या बांगडीवाल्याचा मुलगा का तू, म्हणाली. मी हो म्हणालो. मग ती बोलायला लागली. तिचं बोलणं गोंडीत होतं. ते मी माझ्या चांद्याच्या बोलीत सांगतो, कारण मनात ते मी तसंच ऐकलं.

"तुमी झाडं लावाले आले म्हणते."

"हो."

"मंग आमची काऊन तोडली?"

आम्ही तोडली नाहीत, असं मी म्हणालो. तिने मान हलवली, जसं काही त्याने फरक पडत नाही. मग तिने दोन बुंधे दाखवले. एक तिच्या सासऱ्याच्या बापापासूनचा, दुसरा तिच्या नवऱ्याच्या वाट्याचा. त्या गावात मोहाच्या झाडांवर घरांचा हक्क होता. कागदावर कुठे नसेल, पण कोणतं झाड कोणत्या घराचं हे सगळ्यांना माहीत होतं. चैतात झाडाखालची जमीन झाडून ठेवायची, पहाटे फुलं वेचायची, वाळवून मडक्यांत भरायची. पावसाळ्यात धान संपलं की ती फुलं शिजवून खायची. पुढे बिया येतात, त्यांचं तेल निघतं. झाडं तोडली तेव्हा बिया अजून झाडावरच होत्या.

"यंदाची फुलं मडक्यात आहेत," ती म्हणाली. "पुढच्या साली काय खावाव?"

मी सरांना जाऊन शब्दन् शब्द सांगितलं. सर म्हणाले, "तिला सांग, सागाची किंमत मोहाच्या कितीतरी पट आहे. साग मोठा झाला की गावाचं भलं होईल."

मी सांगितलं. तिने शांतपणे विचारलं, "सागाची फुलं खातेत काय?"

हे सरांना सांगितल्यावर ते हसले. माझा राग तिथं सुरू झाला. तिने थट्टा केली नव्हती. सरळ प्रश्न विचारला होता.

ही झाडं का तोडली, हे आम्हाला नाकेदाराने सांगितलं. नाकेदार म्हणजे जंगलावर नजर ठेवणारा शिपाई. तो रोज चहाला आमच्या चुलीपाशी यायचा आणि मनात काही ठेवायचा नाही. झाडं लावायची मूळ जागा नाल्यापलीकडे होती. तिथं खरोखरच उघडा माळ होता, मुरमाड, एकही झाड नसलेला. पण पावसाळ्यात नाल्याला पाणी असतं. मुख्य पाहुण्यांची जीप तिकडे जाणार नव्हती. पाहुण्यांना चिखलातून चालवायचं नाही, असं समारंभ ठरवणाऱ्यांनी ठरवलं. म्हणून रस्त्यालगतची जागा निवडली. तिथं झाडं होती, तर ती साफ केली. एका ठेकेदाराने लाकूड उचलून नेलं आणि मांडवाचा खर्च अंगावर घेतला.

"मंग ती दोन काऊन ठेवली?" मित्राने कडेच्या दोन मोहांकडे बोट दाखवलं.

"ठेवली नाहीत," नाकेदार म्हणाला. "टाइम नाही भेटला. ठसा मारून ठेवलाय. प्रोग्राम झाला की तोडणार."

आम्ही जाऊन पाहिलं. दोन्ही बुंध्यांची साल हातभर तासून त्यावर ठसा उमटवलेला होता.

मला आजही हे लिहिताना हात आवरावा लागतो. झाडं लावण्यासाठी झाडं तोडली होती. जीपची चाकं चिखलात रुतू नयेत म्हणून एका गावाचं पावसाळ्यातलं खाणं कापून काढलं होतं. आणि हे करणारं कोणी राक्षस नव्हतं. सगळी सभ्य माणसं होती, खादी घालणारी, सकाळी प्रार्थना म्हणणारी. त्यांच्यापैकी एकालाही गावात जाऊन विचारावंसं वाटलं नव्हतं की बाबांनो, ही झाडं कोणाची आहेत.

संध्याकाळी आम्ही दोघं सरांकडे गेलो. ते ओसरीवर बसून दुसऱ्या दिवशीच्या कार्यक्रमाची आखणी करत होते. मी म्हणालो, "सर, अजून वेळ गेलेली नाही. रोपं आपण डोक्यावर घेऊन नाल्यापलीकडे जाऊ. कंबरभर पाणी आहे, जाता येतं. खरा माळ तिकडे आहे."

"आणि खणलेले खड्डे?"

"बुजवून टाकू."

"आणि पाहुणे?"

"पाहुण्यांनी मांडवात भाषण करावं," मित्र म्हणाला. "झाडं आमी तिकडं लावू."

सरांनी आखणीचा कागद बाजूला ठेवला. मग म्हणाले, "हे बघा, झालं ते चांगलं झालं नाही, हे मलाही कळतं. पण आपण इथे पाहुणे आहोत. आपण सेवेला आलोय, भांडायला नाही. उद्याचा दिवस पार पडू दे."

हे वाक्य मी पुढे आयुष्यात फार वेळा ऐकलं, निरनिराळ्या तोंडांतून. त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. सरांना कळत होतं, याचा मला जास्त राग आला. कळत नसतं तर समजावता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी जीप आली. मुख्य पाहुणे उतरले, बरोबर एक फोटोग्राफर. आंब्याच्या पानांची तोरणं लावली होती. जे बुंधे अजून दिसत होते त्यांच्यावर सतरंज्या घालून बसायच्या जागा केल्या होत्या. गावकऱ्यांना एका बाजूला बसवलं होतं, आणि त्यांत ती बाईही होती. आमच्या मुलांनी हार्मोनियमवर स्वागतगीत म्हटलं. मग पाहुणे उभे राहिले आणि मी त्यांच्या शेजारी. त्यांनी एक-दोन वाक्यं बोलायची, मी ती गोंडीत सांगायची, असं ठरलं होतं.

"आदिवासी बंधूंनो," पाहुणे म्हणाले, "जंगल ही आपली आई आहे."

मी सांगितलं.

"पण अज्ञानामुळे तुम्ही तिच्यावर कुऱ्हाड चालवता. झाडं तोडण्याची ही वाईट सवय तुम्ही सोडली पाहिजे."

मी थांबलो. पाहुण्यांना वाटलं मला शब्द आठवत नाही. ते मायेने हसले आणि वाक्य पुन्हा म्हणाले. त्यांच्यापासून चार हातांवर एका बुंध्यावर सतरंजी घातलेली होती आणि तिच्यावर त्यांचाच फोटोग्राफर बसला होता.

मी ते वाक्य सांगितलं, जसं होतं तसं. गावकऱ्यांमध्ये मागे बसलेला एक म्हातारा हसला, आणि त्याच्या पाठोपाठ आणखी दोघं-तिघं. पाहुण्यांना वाटलं आपलं बोलणं आवडलं. तेवढ्यात ती बाई उभी राहिली. पदर कमरेला खोचून, हात मांडवाकडे करून, ती एका दमात बोलली आणि खाली बसली.

"काय म्हणतेय ती?" पाहुण्यांनी मला विचारलं.

सर माझ्या मागेच होते. हळू आवाजात म्हणाले, "आभार मानतेय म्हण."

मी वळून सरांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा विनवणीचा होता. मग मी पाहुण्यांकडे वळलो आणि मराठीत, सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं, तिचं बोलणं सांगितलं.

"ती म्हणतेय, या साहेबाला विचार, त्याच्या घरचं धान्याचं कोठार जाळून तिथं कोणी फुलझाडं लावली, तर तो टाळ्या वाजवेल का? ती म्हणतेय, तुम्ही बसलाय तिथं आमचे मोह होते. सतरंजी उचलून बघा."

कोणी सतरंजी उचलली नाही. फोटोग्राफर मात्र उठून उभा राहिला. पाहुण्यांचा चेहरा क्षणभर कोरा झाला, मग ते पुन्हा हसले. "फार धीट बाई आहे," ते सरांना म्हणाले. "अशा धीट बाया आपल्याला हव्यात." आणि खिशातून रुमाल काढून रोप लावायला निघाले.

तेव्हा मित्र पुढे झाला. त्याला बोलायला कोणी सांगितलं नव्हतं. "साहेब, एक इचारू? ते दोन मोह उभे आहेत, त्याहीले ठसा मारला आहे. तुमी आता सांगतलं झाडं तोडू नका. मंग ते तोडाचे का ठेवाचे?"

सगळा मांडव पाहत होता. गावकऱ्यांना मराठी फारसं येत नव्हतं, पण दोन झाडांकडे केलेलं बोट कळत होतं. पाहुण्यांनी नाकेदाराकडे पाहिलं, नाकेदाराने जमिनीकडे.

"राहू द्या," पाहुणे म्हणाले. "राहू द्या ती दोन."

मी ते लगेच गोंडीत मोठ्याने सांगून टाकलं, म्हणजे पुढे कोणाला शब्द फिरवता येऊ नये. एवढंच आम्हाला त्या दिवसात मिळवता आलं. मग पाहुण्यांनी रोप लावलं, फोटो निघाला आणि जीप कोरड्या चाकांनी परत गेली.

त्यानंतर सरांनी मला बाजूला घेतलं. "तू कॉलेजचं नाक कापलंस."

"मी भाषांतर केलं, सर. त्यासाठीच आणलं होतं मला."

"भाषांतर करताना तारतम्य लागतं."

"भाषण करताना नाही लागत?"

आता मी गोंडी बोलायची नाही, असं सरांनी सांगून टाकलं. आम्हा दोघांना रोपं लावायला पाठवलं, तर मित्राने फावडं खाली ठेवलं. "मी झाडं लावालेच आलो होतो, सर. पण ह्या जागी नाई लावत." मीही नाही म्हणालो. उरलेलं शिबिर आम्ही स्वयंपाकाच्या चुलीपाशी बटाटे सोलत काढलं. बाकीच्या मुलांनी रांगांमध्ये साग लावला. त्यातले काही आमच्याशी बोलत नव्हते, काही गुपचूप येऊन पाठीवर हात ठेवून जात होते. मी त्यांच्यावर तेव्हा चिडलो होतो. पण त्यांनाही घरून निघताना झाडं लावतोय एवढंच सांगितलेलं होतं.

कॉलेजात परतल्यावर आम्हाला प्राचार्यांसमोर उभं केलं. बेशिस्तीबद्दल समज दिली. त्याच आठवड्यात शिबिराचं कौतुक करणारी सभा झाली, पण तिचं बोलावणं आम्हाला नव्हतं.

दिवाळीच्या सुट्टीत मी अब्बांबरोबर अहेरीच्या बाजाराला गेलो. दुपारी गर्दी ओसरली होती आणि मी बांगड्यांच्या माळा सोडवत बसलो होतो, तेव्हा ती बाई समोर आली. तिला बांगड्या नको होत्या. ती मलाच शोधत होती.

"माही गाय कोंडली," ती म्हणाली. "चाल."

आम्ही साग लावला होता त्या जागेला तार घातली होती. आत गुरं चारायला बंदी झाली होती. गावाची गुरं पिढ्यान्‌पिढ्या त्या मोहांखालून रानात जायची आणि गाईला तार कळत नव्हती. दावं तोडून ती आत गेली, कोणीतरी धरली आणि अहेरीच्या कोंडवाड्यात आणून बांधली.

"माही गाय सागाले तोंड लावत नाई," ती चालता चालता सांगत होती. "गवत खायाले गेली. कोणीच ऐकत नाई. मी बोलतो ते त्याहीले समजत नाई म्हणते."

उरलेल्या दोन मोहांचं काय, मी विचारलं. ते आहेत, ती म्हणाली. पण ज्यांची झाडं गेली ती घरं आणि ज्यांची राहिली ती घरं, यांच्यात बोलणं बंद झालं होतं. पुढच्या चैतात त्या दोन झाडांची फुलं कोणी वेचायची यावरून आत्तापासून भांडणं लागली होती. तिच्या जावेने तिला दारात उभं करणं सोडलं होतं. हे मला कधी सुचलंच नव्हतं. दोन झाडं वाचवली, यावर मी मनात खूश होतो.

कोंडवाड्याच्या दारात एक माणूस खाटेवर बसला होता. बाईकडे त्याने पाहिलं नाही. मी विचारलं, "या बाईंची गाय का धरली?"

"तुम्ही कोण?"

मी म्हणालो, "नागपूरच्या कॉलेजचे विद्यार्थी पावसाळ्यात इथे झाडं लावायला आले होते ना, त्यांच्यातला मी."

तो माणूस खाटेवरून उठला. त्याने मला बसायला जागा केली. मी बसलो नाही. एकही रोप मी लावलं नव्हतं, तरी म्हणालो, "ती रोपं आमची आहेत. आम्ही लावली. या गाईने त्यांचं काही बिघडवलेलं नाही आणि आमची तक्रार नाही. गाय सोडा."

"तुम्हीच म्हणता तर काय," तो म्हणाला आणि गाय सोडायला आत गेला. दंडाचं नावही त्याने काढलं नाही.

मला तेव्हा जेवढा राग आला तेवढा मांडवातही आला नव्हता. बाई सकाळपासून त्याच्या दारात बसून होती. झाडं तिची, वाट तिची, गाय तिची. तिचं बोलणं त्याला समजत नव्हतं, आणि माझं पहिल्या वाक्यात समजलं. मी तिच्या जमिनीवर चार दिवस बटाटे सोलून गेलो होतो, आणि त्या जोरावर तिथला मालक ठरत होतो. कोणी मला शाबासकी दिली असती तर मी त्याच्या अंगावर धावून गेलो असतो.

गाय बाहेर आली. बाईने तिच्या पाठीवरून हात फिरवला, दाव्याची गाठ पाहिली आणि चालायला लागली. मी बाजाराच्या टोकापर्यंत तिच्याबरोबर गेलो.

"गाय उद्या परत आत जाईन," ती म्हणाली. "तिले दुसरी वाट माहीत नाई. तू त नागपूरले जाशीन. मंग?"

मी म्हणालो, मला माहीत नाही.

"मलेबी नाई," ती म्हणाली, आणि गाईला हाकत गावाच्या वाटेला लागली.